फोटो धुणारी माणसं

ठाणे जिल्ह्यात मानपाडा दोन आहेत. एक ठाणे शहरात, घोडबंदर रोडवर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरं डोंबिवलीच्या कडेला, कल्याण-शीळ रस्त्यालगत, मानपाडेश्वराच्या देवळाचं. डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेकडून या दुसऱ्या मानपाड्याकडे जाणारा रस्ता म्हणजे मानपाडा रोड. त्या रोडवर माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. दहावीची परीक्षा संपली तशी मी तिथे जाऊ लागले आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच रमले. कॅमेरा मी फारसा हातात घेतला नाही. मी शिकले ते आतल्या खोलीतलं काम: रोल धुणं, कॉप्या काढणं, त्या सुकवणं आणि कापणं.

आपल्याकडच्या फोटोग्राफीचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सतत खटकते. कॅमेऱ्यामागे उभे राहिले त्यांची नावं त्यात सापडतात. आत लाल दिव्याखाली उभे राहिले त्यांची सापडत नाहीत. फोटो मात्र दोघांचा असतो. निगेटिव्हमध्ये पुष्कळ काही दडलेलं असतं, त्यातलं काय वर आणायचं आणि काय काळोखात ठेवायचं हे आतला माणूस ठरवतो. म्हणून हा इतिहास मी आतल्या बाजूने सांगणार आहे.

ठाण्याहून कल्याणला रेल्वे आली १ मे १८५४ ला. त्याच वर्षी मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. पुढच्या वर्षी, १८५५ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. क्रॉफर्ड नावाचे गृहस्थ तिथे शिकवत. या वर्गातून तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे रॅम्पार्ट रोवर आपला स्टुडिओ थाटला.

त्या काळी फोटोग्राफी शिकणं म्हणजे मुख्यतः रसायन शिकणं होतं. कॅमेरा म्हणजे लाकडी खोकं आणि त्याला लावलेलं भिंग. खरी विद्या काचेवर कलोडियनचा थर एकसारखा पसरवण्यात आणि ती काच चांदीच्या द्रावणात बुडवून काढण्यात होती. ओल्या कलोडियनची ही रीत फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केली. काच ओली आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि तोवरच धुवायचा. दहा-पंधरा मिनिटांत सगळं उरकलं पाहिजे. आपल्या उन्हाळ्यात त्यातलं ईथर भराभर उडून जाई, म्हणजे वेळ आणखी कमी. बाहेरगावी फोटो घ्यायचा तर अंधारी खोलीच सोबत न्यावी लागे: तंबू, बाटल्या, काचांच्या पेट्या, पाणी आणि हे सगळं वाहून नेणारी माणसं.

आमच्या भागातही तशी माणसं येऊन गेली आहेत. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. १८६८ मध्ये सरकारच्या आदेशाने, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे टेरी यांच्या देखरेखीखाली, या देवळाचे नकाशे काढले गेले, शिल्पांचे साचे घेतले गेले, फोटो घेतले गेले. डोंबिवलीहून अंबरनाथ लोकलने किती लांब? तरी शाळेच्या सहलीत आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. काचेवरून काढलेले त्या काळचे कुठलेही फोटो समोर आले की मी आधी कडांकडे पाहते. थर कुठे कमी पसरला, कोपऱ्यात अंगठा कुठे लागला, पाण्याचा ओघळ कुठून गेला. देवळाच्या फोटोत काच धुणाऱ्या माणसाची तेवढीच निशाणी राहते.

फोटो काढल्यानंतर हाताने केलेली करामत म्हणजे खोटेपणा, असं समजणाऱ्यांना मी नेहमी विल्यम जॉन्सन यांचं उदाहरण देते. मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांवरचं त्यांचं दोन खंडांचं पुस्तक १८६३ आणि १८६६ मध्ये निघालं. त्यातली माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागचं दृश्य दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून जोडलेलं आहे. मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीला तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षं झाली होती, आणि दोन निगेटिव्ह एका कागदावर आणणारे हात इथे कामाला लागले होते.

रंगांचा हिशेबही आतल्या माणसाला माहीत असावा लागे. कलोडियनच्या काचेला निळा आणि त्यापलीकडचा प्रकाश तेवढा कळे. पिवळा आणि लाल तिला जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे त्या काळच्या फोटोंत कुंकू काळं येतं, हळदही काळवंडते, आणि सोन्याचे दागिने लोखंडाचे वाटतात. पुढे ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आल्या, त्यांना पिवळा दिसू लागला पण लाल नाहीच. पणजीच्या फोटोत कपाळावर काळी टिकली दिसते ती बहुधा लालभडक कुंकवाची चिरी असते. सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली तेव्हा हे उलटलं. त्याचा त्रास आम्हाला मानपाडा रोडवर झाला. ते पुढे सांगते.

धुणारा आणि काढणारा यांची फारकत झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा तयार मिळू लागल्या, म्हणजे फोटो आज घ्या आणि सवडीने धुवा. १८८८ मध्ये कोडॅकचा पहिला कॅमेरा निघाला. त्यात शंभर फोटोंचा रोल भरून येई, आणि संपला की अख्खा कॅमेरा कारखान्याकडे पाठवायचा. धुणाऱ्याचं तोंड गिऱ्हाइकाला दिसेनासं झालं ते तेव्हापासून.

आपल्याकडेही हेच. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, मुंबईचे फोटोग्राफर. त्यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये ठरवून लावलेली कुस्ती चलच्चित्र कॅमेऱ्याने टिपली. कुस्ती इथली, पैलवान इथले, कॅमेऱ्यामागचा माणूस इथला. फिल्म मात्र धुवायला लंडनला पाठवावी लागली. मला ही गोष्ट वाचताना फार लागली. आपलं चित्र आपल्यालाच महिनोन्महिने दिसू नये, कारण धुण्याची विद्या दुसऱ्याकडे!

ती विद्या घरात आणली दादासाहेब फाळके आणि सरस्वतीबाई फाळके यांनी. फाळक्यांनी फोटोग्राफी, ब्लॉक बनवणं, छपाई सगळं हाताने केलेलं होतं, गोध्र्याला काही काळ स्टुडिओही चालवला होता. १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र घेऊन आले. तेव्हा कच्ची फिल्म कडेच्या भोकांशिवाय मिळे. ती भोकं अंधारातच पाडावी लागत, कारण उजेड लागला की फिल्म गेली. हे काम सरस्वतीबाई शिकल्या, फिल्म धुणंही शिकल्या, आणि त्याच वेळी दादरच्या घरात चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण फाळक्यांना हात जोडतो ते योग्यच आहे. पण १८९९ आणि १९१३ यांच्यामध्ये जो फरक पडला तो काळोखात बसून फिल्म हाताळणाऱ्या एका बाईमुळेही पडला, हे मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं पाहिजे.

प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला यांचंही तेच. १९१३ चा त्यांचा जन्म, जे. जे. मध्ये शिक्षण, फोटोग्राफी शिकल्या माणेकशा व्यारावालांकडून. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते माणेकशांच्या नावावर. होमाईबाईंना पुढे त्यांचं नाव मिळालं. ज्या बाया स्टुडिओच्या मागच्या खोलीतून कधी बाहेरच आल्या नाहीत, त्यांचं काय?

मामा गिरगावातल्या एका स्टुडिओत पोरवयात कामाला लागले होते. आधी ट्रे धुणं, मग पाणी भरणं, मग कॉप्या सुकवणं. काही वर्षांनी मालकाने हातात निगेटिव्ह दिली. गिरगाव-दादरच्या चाळींतून मराठी कुटुंबं डोंबिवलीला सरकत होती, त्या लोंढ्याबरोबर तेही आले. नव्या वस्तीला फोटोग्राफर लागतोच. शाळेच्या फॉर्मला, नोकरीच्या अर्जाला, रेल्वेच्या पासाच्या ओळखपत्राला फोटो. मुंज, बारसं, लग्न. आणि मानपाडा, सागाव, सोनारपाडा, नांदिवली या आगरी गावांतली लग्नं, त्यांच्या हळदीच्या रात्री.

स्टुडिओची आतली खोली इतकी लहान होती की दोघं उभे राहिले तर तिसऱ्याला जागा नाही. एका बाजूला एनलार्जर, दुसऱ्या बाजूला तीन ट्रे: डेव्हलपर, साधं पाणी आणि चित्र पक्कं करणारं हायपो. वर लाल दिवा. ब्रोमाइड कागदाला लाल प्रकाश दिसत नाही म्हणून तो चालतो. रोल धुताना मात्र तोही बंद, कारण पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळंच दिसतं. मामांनी मला पहिल्यांदा वाया गेलेला एक रोल दिला आणि डोळे मिटून चकरीवर चढवायला लावला. भर दुपारी, दुकानाच्या पायरीवर बसून. “पोरी, बोटांना दिसायला लागलं की आत ये,” म्हणाले. फिल्म किंचित वाकवून धरायची, जोर लावायचा नाही, कड खोबणीत बसली की बोटाला कळतं. मगच आत प्रवेश.

रसायनं तयार डब्यांत मिळत, पण मामा स्वतः वजन करून बनवत. ते स्वस्त पडे आणि ताजं राही. रोलसाठी कोडॅकचं डी-७६, १९२७ पासून जगभर चालत आलेलं सूत्र: एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. क्रम चुकवायचा नाही. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट. सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळतच नाही. हायपोची गंमत वेगळी. ते विरघळताना पाणी गार पडतं, बादलीला बाहेरून दव येतं. चांदीच्या क्षारांना हे मीठ विरघळवतं हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच, फोटोग्राफीच्या जन्माआधी वीस वर्षं, शोधलं होतं.

सूत्रं पुस्तकांत आहेत. डोंबिवली त्या पुस्तकांत नव्हती. त्यांत तापमान लिहिलेलं असे २० अंश सेल्सिअस. आमच्या पिंपातलं पाणी मे महिन्यात त्याहून कितीतरी गरम. गरम डेव्हलपरमध्ये निगेटिव्ह झरझर काळी होते आणि थर मऊ होऊन फुगतो, नखानेही सोलला जाईल इतका. म्हणून कोपऱ्यावरच्या कोल्ड्रिंकवाल्याकडून बर्फ यायचा, तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ट्रेमध्ये सोडायचा. मोकळा सोडला तर वितळून डेव्हलपर पातळ होईल. विजेचा दाब संध्याकाळी पडला की एनलार्जरचा दिवा मंद व्हायचा आणि सकाळी ठरवलेले सेकंद संध्याकाळी उपयोगाचे राहायचे नाहीत. मामा घड्याळ वापरत नसत. ‘रामकृष्णहरी’च्या ठेक्यात मोजत, आणि दिव्याकडे एकदा पाहून ठेके वाढवत किंवा कमी करत. त्यांच्या मोजण्यावर माझा आजही टायमरपेक्षा जास्त विश्वास आहे.

सगळ्यात कठीण होतं पाणी. कॉपी हायपोतून काढली की तिच्यातलं हायपो पूर्ण निघून जाईपर्यंत धुवायची. त्या जाड कागदाला वाहत्या पाण्यात तासभर तरी लागे. आमच्याकडे नळाला पाणी ठराविक वेळीच, तेही करंगळीएवढी धार. मामांनी त्यावर तोडगा काढला होता. ओळीने पातेली मांडायची, कॉपी एकातून दुसऱ्यात पुढे सरकवत न्यायची, पहिलं पातेलं ओतून द्यायचं, शेवटचं ताजं भरायचं. इमारतीमागच्या विहिरीचं पाणी सुरुवातीच्या पातेल्यांना, नळाचं शेवटच्याला. धुऊन झालं का ते बघायला पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट जांभळ्या पाण्यात कॉपीचे थेंब निथळू द्यायचे. जांभळा रंग उडाला तर हायपो शिल्लक, पुन्हा धुवा. अर्जंट फोटोंना एवढा वेळ कुठला? गिऱ्हाईक बाकावर बसलेलं, फॉर्मची खिडकी बंद व्हायची घाई. ते फोटो दोन पाण्यांतून काढून द्यावे लागत.

म्हणून माझं एक ठाम मत आहे. डोंबिवली-कल्याणच्या जुन्या अल्बमांतले कितीतरी फोटो पिवळे पडले आहेत ते नुसतं वय झालं म्हणून नव्हे. चांदीला गंधकाचं वावडं आहे. कागदात राहिलेलं हायपो वर्षानुवर्षं तिला आतून पिवळं-तपकिरी करत राहतं. नीट धुतलेला शंभर वर्षांपूर्वीचा फोटो काळापांढरा राहतो, घाईत धुतलेला तीस वर्षांत उतरतो. आमच्या गावाची पाण्याची टंचाई तिथल्या फोटोंच्या रंगात उतरलेली आहे.

वापरलेलं हायपोही कोणी फेकत नसे. फोटोत न लागलेली चांदी त्यात विरघळलेली असते. कॅन घेऊन एक माणूस यायचा, जुनं हायपो विकत न्यायचा, त्यातून चांदी काढायचा.

आता मामींबद्दल. त्यांची जागा खिडकीशी, तिरक्या रिटचिंग डेस्कवर, ज्याच्या मधल्या भोकावर निगेटिव्ह ठेवली की खालच्या आरशातून उजेड यायचा. सँडपेपरवर घासून सुईसारखी केलेली कडक शिशाची पेन्सिल. निगेटिव्हवर आधी मीडियमचा हात फिरवायचा, म्हणजे शिसं धरतं, मग देवीचे व्रण, डोळ्याखालची काळोखी, कपाळाच्या आठ्या बारीक टिंबांनी भरायच्या. निगेटिव्हवर काळं केलं की कॉपीवर उजळ येतं. हा उलटा विचार मामींच्या हातात इतका मुरलेला होता की त्या बोलत बोलत काम करत.

कुंकवाचा प्रश्न त्यांनीच सोडवला. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर, त्यातून स्टुडिओच्या पिवळट बल्बांखाली, लाल रंग फिका येतो. ठसठशीत कुंकू लावून आलेल्या बाईचं कपाळ फोटोत जवळपास रिकामं दिसे. नवरा जिवंत असताना असा फोटो घरी कोण लावणार? मामी प्रत्येक कॉपीवर बारीक ब्रशने, पाण्यात कालवलेल्या काळ्या रंगाने, कुंकू भरत. त्यांची टिकली अगदी गोल नसे, खाली किंचित निमुळती असे. हळदीच्या फोटोंत उलट काम. या फिल्मला पिवळा उजळ दिसतो, त्यावर फ्लॅशचा झोत, त्यामुळे नवरीचा चेहरा पांढराफटक. तिथे मी आणि मामा. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून फक्त चेहऱ्यावर जास्तीचा उजेड पाडायचा, पुठ्ठा सारखा हलवत ठेवायचा म्हणजे कड उमटत नाही. हळूहळू गाल, नाक, डोळ्यांतली झोप परत येते. १८६०च्या सुमाराला काळी पडणारी हळद शंभर वर्षांनी पांढरी पडू लागली, आणि दोन्ही वेळा तिला माणसाच्या हाताची गरज लागली.

कागद आणायला मामा व्हीटीला जात, बोरा बाजारात. आग्फाचा ब्रोव्हिरा मिळाला तर आनंद. नाहीतर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. या सरकारी कारखान्यात १९६७ पासून माल निघू लागला होता आणि परदेशी कागद महाग झाला की आमच्यासारख्यांचा तोच आधार. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मी ठेवणार नाही.

रंगीत फोटो आले आणि पुन्हा सगळं बाहेर जाऊ लागलं. रंगीत रोलच्या सी-४१ प्रक्रियेला ३७.८ अंश तापमान लागतं आणि ते अर्ध्या अंशानेही हलून चालत नाही. पातेली आणि बर्फाची पिशवी तिथे काय करणार? रोल लॅबला पाठवायचे, तयार कॉप्या आणायच्या. पासपोर्ट फोटोंवर आतली खोली काही वर्षं तगली. मग डिजिटल आलं, आणि मामांनी एनलार्जरवर कापड टाकलं.

आता मी पहिल्या मानपाड्यात राहते, ठाण्याच्या. तो एनलार्जर माझ्याकडे आहे. आमच्या सोसायटीतला एक कॉलेजचा मुलगा आजोबांचा आग्फा क्लिक थ्री घेऊन आला, त्यात १२० चा रोल बसतो, बारा चौकोनी फोटो. त्याला धुवायला शिकवता का, म्हणून त्याची आई विचारायला आली होती. बाथरूमच्या खिडकीला काळा कागद लावून आम्ही सुरुवात केली. त्यालाही आधी डोळे मिटून चकरी भरायला लावलं. कागद आता फार महाग झालाय, म्हणून आधी छोट्या पट्टीवर सेकंद ठरवतो. धुण्याच्या बाबतीत मात्र काटकसर करू देत नाही. परमँगनेटच्या कसोटीला उतरल्याशिवाय त्याला कॉपी घरी नेता येत नाही.

मामांच्या ऑर्डरच्या वह्याही माझ्याकडे आल्या. प्रत्येक पानावर त्याच रकाने: नंबर, नाव, साईज, कॉप्या, अॅडव्हान्स, बाकी, कधी देणार. फोटो कोणी धुतला, टचिंग कोणी केलं, यासाठी रकाना नाही. परत न नेलेल्या कॉप्यांची पाकिटं त्याच नंबरांनी लावलेली आहेत. एकेक पाकीट उघडून मी कपाळ पाहते. टिकली खाली निमुळती असली की वहीत त्या नंबरापुढे पेन्सिलीने मामींचं नाव लिहिते. जिथे पुठ्ठ्याचं काम ओळखू येतं तिथे मामांचं. एक वही पुरी झाली आहे, बाकीच्यांचं काम चालू आहे.